४९ रुपयांचं दुकान चालू ठेवावं का? बाबांसाठी विचारतेय

भांडुपची_लेक

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. भांडुप पश्चिमेला स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर बाबांचं हर माल दुकान आहे, १९९९ पासून. सुरुवातीला पाटीवर १० रुपये होते, मग २०, मग ३०, आता ४९. बाबांनी आकडा वेगळ्या छोट्या पत्र्यावर रंगवून घेतला होता, दोन स्क्रूवर बसवलेला, म्हणजे भाव वाढला की अख्खी पाटी रंगवायला नको. जुने तिन्ही पत्रे अजून गल्ल्याखाली आहेत. ४९ चा पत्रा मात्र २०१७ पासून हललेला नाहीये, आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

गाळा लीव्ह अँड लायसन्सवर आहे, दोन महिन्यांनी संपतंय. मालक महिन्याला ८ हजार वाढवून मागतोय, वर डिपॉझिट पण. एका वस्तूमागे बाबांच्या हातात साधारण १४ रुपये राहतात, म्हणजे नुसती ही वाढ भरून काढायला महिन्याला पावणेसहाशे वस्तू जास्त विकायला हव्यात. आणि गिऱ्हाईक तर कमी होतंय. बाजूच्या टॉवरमधली मंडळी मोबाईलवर मागवतात, दहा मिनिटांत दारात. चाळीतली माणसं येतात अजून, पण तीही महिन्याचं सामान भरायला सुपरमार्केटला जातात आणि गाळणी-चिमटे तिथेच ट्रॉलीत टाकतात.

बाबा ६६ वर्षांचे आहेत. गॅसचा लायटर विकताना अजून प्रत्येक लायटर दोनदा दाबून, ठिणगी दाखवून मगच देतात. आई म्हणते बंद करा आता, भाऊ म्हणतो ऑनलाइन टाका. मला दोन्ही पटत नाहीये. यातलं माहिती असलेलं कोणी असेल तर खरं काय ते सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

मशीदबंदर_होलसेल

ताई, २२ वर्षं हर मालवाल्यांना माल देतोय, तेव्हा आमच्या बाजूचं सांगतो. ४९ च्या दुकानाला वस्तू ३३-३४ च्या वर पडून चालतच नाही. ३४ ला पडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात १८ टक्क्यांप्रमाणे ५ रुपयांच्या वर जीएसटीच असतो. बाबा कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या जीएसटी योजनेत असतील तर स्वतःचा टॅक्स १ टक्काच भरायचा पण खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, ते ५ रुपये खिशातूनच गेले समजा. आणि ४९ पाटीवर लिहिलंय म्हटल्यावर गिऱ्हाइकाकडून वर काही घेताही येत नाही.

मग कच्चा माल वाढला की कारखानदार काय करतो, भाव तोच ठेवतो आणि वजन काढतो. आधी डबा हातात घेतला की कळायचं डबा आहे, आता झाकण लावताना अंगठा आत जातो. गिऱ्हाईक एकदा घेतं, तडकला की परत येत नाही. शिव्या दुकानदाराला.

खेळण्यांचं तर विचारूच नका. हर मालची निम्मी गर्दी पोरांमुळे असायची, बॅटरीवरची गाडी, भोवरा, पिपाणी. २०२० मध्ये इम्पोर्ट ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. जानेवारी २०२१ पासून बीआयएस मार्क, म्हणजे दर्जाचा सरकारी शिक्का, सक्तीचा. मार्क चांगलाच आहे, लहान पोरं तोंडात घालतात हो ती खेळणी, पण मार्क असलेलं बरं खेळणं ४९ मध्ये बसवताना नाकी नऊ येतात. पोर हात धरून आईला आत ओढायचं, ते थांबलं, आणि आईने जाता जाता घेतलेली किसणी पण थांबली.

आधी आम्ही कार्टन फोडून दोन डझन हे, एक डझन ते असं मिक्स बांधून द्यायचो. आता टेम्पोचं भाडं धरलं तर छोट्या पार्टीला मिक्स माल देणं परवडत नाही, तरी जुन्या लोकांना देतो. बाबांना पाठवा, बघू.

परत_मुलुंडला

मी १२ वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथे डॉलर स्टोअर म्हणजे हेच आपलं हर माल, आणि छोटे एकटे दुकानदार तिथेही असेच गेले. आमच्या स्टेशनजवळ एका गुजराती काकांचं होतं, बर्थडेचे फुगे, फॉइलचे ट्रे, ग्रीटिंग कार्डं. शेवटच्या वर्षी काकाच सांगायचे की मी ज्या भावाला होलसेलने आणतो त्याच भावाला मोठी चेन विकतेय.

कारण सोपं आहे. डॉलर जनरल या चेनची एकट्याची २० हजारांवर दुकानं आहेत. एवढं घेणाऱ्यासाठी कंपनी वेगळं छोटं पॅकिंग काढते, काकांसाठी कोण काढणार? मोठ्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव देऊन छोट्याला मारू नये म्हणून अमेरिकेत १९३६ चा कायदा आहे, रॉबिन्सन-पॅटमन, पण १९८० नंतर तो फारसा वापरलाच गेला नाही. मला याचा अजून राग येतो. कायदा होता, नुसता कपाटात ठेवला.

पण ताई, तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. एक आकडा पाटीवर खिळून ठेवणं मोठ्यांनाही जमलं नाही. डॉलर ट्री या दुसऱ्या चेनने तीस वर्षांहून जास्त एक डॉलर सांभाळला आणि २०२१ च्या शेवटी सव्वा डॉलर केला. नाइन्टी नाइन सेंट्स ओन्ली, १९८२ पासूनची लॉस एंजेलिसची चेन, त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये सगळी ३७१ दुकानं बंद करतोय म्हणून जाहीर केलं. डॉलर ट्रीनेच २०१५ मध्ये ८ अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतलेली फॅमिली डॉलर ही चेन २०२५ मध्ये साधारण १ अब्जाला विकली. एवढे पैसे, एवढे मॅनेजर, तरी ही गत. तेव्हा बाबांना सांगा की यात त्यांचं काही चुकलेलं नाही. हे त्यांना घरातल्या कोणीतरी तोंडाने सांगायला हवं.

चिंचपोकळी_७८

काकांना नमस्कार सांगा. आमच्याकडचं असंच दुकान गेल्या वर्षी बंद झालं, आता तिथे मोबाईल कव्हरवाला बसतो. आईला गणपतीत ऐनवेळी रांगोळीची चाळणी हवी होती, रात्री साडेनऊला. आधी शटर अर्धं पडलेलं असलं तरी हाक मारली की मिळायची.

कल्याण_भांडीवाला

माझंही २०२२ पर्यंत हर माल होतं. सरळ सांगतो, "सगळं ४९" काढून टाका. एका भावात सगळं बसवायचं म्हणून आपण ३८ ला पडणारी चांगली वस्तू ठेवत नाही आणि १२ ला पडणारी ४९ ला विकत बसतो, ती मोबाईलवर २५ ला दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं हा माणूस लुटतोय. मी तीन भाग केले, २०, ५० आणि चिकटपट्टीवर भाव लिहिलेला बाकीचा माल. पहिले चार महिने जड गेले, लोक विचारायचे पाटी का काढली. मग बसलं.

दुसरं, आधी दोन आठवडे वहीत लिहा कुठल्या फळीवरून काय गेलं. अंदाजाने नाही, विकलं की रेघ मारायची. माझ्याकडे शोपीसच्या दोन फळ्यांवरून पंधरा दिवसांत तीन नग गेले होते. भाडं त्या फळ्यांचंही भरत होतो ना.

मालकाशी बोलताना ११ महिन्यांचं नको, तीन वर्षांचं मागा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या. आणि करार रजिस्टर करून घ्या, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ते बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. तोंडी बोलण्यावर दुकान लावू नका. ऑनलाइनचं म्हणाल तर ४९ ची वस्तू परत आली की नफाच काय, पाच वस्तूंचा नफा जातो. भावाला समजवा.

भांडुपची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय कारण वही पूर्ण करायची होती. बारा दिवस रेघा मारल्या, बाबा, मी आणि संध्याकाळी भाऊ. निम्म्याहून जास्त रेघा लायटर, चहाची गाळणी, कपड्यांचे चिमटे, केसांचे क्लिप आणि कुकरच्या शिट्टीवर आहेत. खेळण्यांच्या अख्ख्या फळीवर चार. फोटोफ्रेमवर शून्य. शिट्टी बाबा स्वतः बसवून देतात, त्यासाठी सोनापूरहून एक मावशी रिक्षा करून आल्या.

परत_मुलुंडला दादा, तुमचं ते डॉलर ट्रीचं मी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, दोनदा विचारलं फक्त, "तीस वर्षं?" रात्री जेवताना आईला तेच सांगत होते.

मागची एक तृतीयांश जागा मालकाला परत देऊन भाडं आहे तेवढंच ठेवायचं असा विचार चाललाय, शनिवारी बोलणी आहेत, तीन वर्षांचंच मागणार. मशीदबंदर दादा, सोमवारी दुपारी बाबांना घेऊन येते. शिट्ट्या आणि गाळण्या मिक्स बांधून द्याल का, आणि लायटर जरा जड वजनाचा, ५५-६० ला विकला तरी चालेल असा दाखवून ठेवा.