कातळावर टेंट लावायला कुठले पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) घ्यावेत?

मुलुंडकर_बाबा:
मंडळी, सल्ला हवाय. गेल्या शनिवारी लेकीला (वय १०) घेऊन एका पठारावर मुक्काम केला. टेंट दोन माणसांचा, डोम. वर मातीचा पत्ता नाही, नुसता कातळ. पहिला पेग दगडाने ठोकला, तो दोन बोटं आत जाऊन काटकोनात वाकला. दुसऱ्याचंही तेच. शेवटी चार कोपऱ्यांत सॅक आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून झोपलो. पहाटे तीनला वारा सुटला आणि आउटर (टेंटचं बाहेरचं कापड) तोंडावर फडफडायला लागलं. लेक म्हणते, "बाबा, आपण उडतोय का?" पुढच्या महिन्यात पाचनईवरून हरिश्चंद्रगड करायचाय. जाड लोखंडी पेग घेऊ का?

शेवटची_कसारा:
नका घेऊ. सह्याद्रीचा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, तो लोखंडालाही दाद देत नाही. पैसे दोरीवर घाला. ३ मिमीची, दोन-दोन मीटरचे आठ तुकडे, भडक रंगाची, म्हणजे रात्री कुणी पाय अडकून पडणार नाही.

आता युक्ती. दोरीचं एक टोक टेंटला, दुसऱ्या टोकाला नारळाएवढा दगड बांधा. तो दगड आणि टेंट यांच्या मधोमध, दोरीवरच, दोन हातांनी उचलावा लागेल असा धोंडा ठेवा. वारा दोरी ओढेल तसा लहान दगड मागून धोंड्याला येऊन टेकतो आणि तिथेच अडकतो. जेवढी ओढ, तेवढी पकड. बहुतेक जण धोंड्यालाच दोरी गुंडाळतात, मग दगडाच्या धारेवर घासून ती पहाटेपर्यंत तुटते. दोरी नायलॉनची असेल तर दवाने सैल पडते, झोपण्याआधी पुन्हा ताणून घ्या.

मुलुंडकर_बाबा:
दोरीऐवजी कोपऱ्यातल्या पट्टीवरच दगड ठेवला तर?

शेवटची_कसारा:
मी ठेवला होता. शिवण उसवली.

गडवेडी_ठाणे:
दगड उचलताना आधी काठीने उलटा. खाली विंचू असतो, आणि लेक सोबत आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. दुसरं, गडाच्या तटाचे, जोत्याचे चिरे कृपा करून काढू नका. लोक सर्रास काढतात, डोकं फिरतं माझं. पायथ्याहून दोन-तीन रिकाम्या कापडी पिशव्या न्या, बारीक दगड भरले की झाला धोंडा.

हरिश्चंद्रगडावर जाताना आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा, सगळीकडे रात्री राहू देतातच असं नाही. परवानगी मिळाली तरी कोकणकड्याजवळ, म्हणजे गडाच्या उभ्या तुटलेल्या कड्याजवळ, टेंट नको. खालून वर येणारा वारा तुमच्या डोमला फुग्यासारखा धरेल. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

डोंबिवली_फास्ट_नाही:
आणि टेंटखाली अंथरायचं प्लास्टिक टेंटच्या बाहेर डोकावू देऊ नका. कातळ पाणी पित नाही, सर आली की सगळं त्या प्लास्टिकवरून तुमच्या पाठीखाली.

बाकी सरावाला सोसायटीची गच्ची घ्या. तिथेही पेग जात नाही, कातळच समजा.

मुलुंडकर_बाबा:
काल गच्चीवर करून बघितलं. कुंड्या धोंडे म्हणून, नारळ लहान दगड म्हणून. लेकीने आत बसून सगळ्या बाजूंनी ढकललं, हललं नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांची तुळस कुठे गेली ते अजून सांगायचंय.