क्रॅश लँडिंग ऑन यू : उत्तर कोरिया जरा जास्तच गोड दाखवलाय का?

कातरवेळ : काल या दक्षिण कोरियन मालिकेचे १६ भाग संपवले. नायक-नायिका ह्यून बिन आणि सन ये-जिन दोघंही मनापासून आवडले. पण सोलची श्रीमंत सेरी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून सीमेपलीकडे उत्तर कोरियात पडते आणि तिथे तिला भेटतात कोण, तर लाजाळू सैनिक, भांडकुदळ पण प्रेमळ शेजारणी आणि भर बाजारात मेणबत्ती उंच धरून तिला शोधणारा तिथल्या लष्करातला नायक, कॅप्टन री. ज्या देशात माणसं छावण्यांत सडतायत तो बघून आपल्याला हळवं व्हायला होतं हे मला पटत नाही.

माजघर : अहो पण मान-बोकला विसरलात का? चोरून लोकांच्या घरातलं बोलणं ऐकणं हीच त्याची नोकरी आणि त्या पापाने तो आतून पोखरलाय. रात्रीअपरात्री होणारी घरांची झडती, सारखी जाणारी वीज, वीज गेली म्हणून रात्रभर माळावर अडकलेली ट्रेन, सगळं आहे की. लेखनाच्या टीममध्ये तिथून पळून आलेला माणूस होता, म्हणूनच गाव खरं वाटतं.

कातरवेळ : गाव खरं आहे, मान्य. पण सगळं वाईट एकट्या खलनायक चो चोल-गांगच्या डोक्यावर टाकलंय, तो मेला की प्रश्न मिटला. आणि कॅप्टन वाचतो कशामुळे तर बाप मोठा लष्करी अधिकारी म्हणून. वशिला नसलेल्याचं काय झालं असतं ते मालिका दाखवतच नाही, माझा राग त्यावर आहे.

दगडफूल : वशिल्याचा मुद्दा बरोबर. तरी मी मालिकेच्याच बाजूने. २०२० च्या जानेवारीत दक्षिणेतल्याच एका छोट्या पक्षाने उत्तरेचं उदात्तीकरण केलं म्हणून तक्रार केली होती, आणि त्याच डिसेंबरात उत्तरेने दक्षिणेच्या मालिका बघणाऱ्यांना कडक शिक्षेचा कायदा केला. मालिकेतला उत्तरेचा सैनिक जू-मोक चोरून त्याच मालिका बघतो ना! पलीकडे आपल्यासारखीच माणसं राहतात एवढं दाखवणंही तिकडे सोपं नाहीये हो.

माजघर : +१. भाषा एक, जेवणातली आंबवलेली किमची एक, १९४५ पर्यंत देशही एकच. मधे आहे ती फक्त सरकारांनी घातलेली रेघ.

उंबरठा : मला शेवट खटकला. वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंडमध्ये भेटायचं, हा काय संसार झाला? एकाने तरी पलीकडे राहायला हवं होतं.

दगडफूल : कोण राहणार? तो राहिला तर घरच्यांचं काय होईल याचा विचार करा. १९५३ ला नुसती युद्धबंदी झाली, शांतता करार आजतागायत नाही. २०१८ मध्ये ताटातूट झालेल्या कुटुंबांना भेटवलं तेव्हा ऐंशी-नव्वदीच्या आयांना आपल्या मुलांसोबत मोजके तास मिळाले, तेही अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, आणि मग परत कायमचं दूर. त्यापुढे दोन आठवडे खूप आहेत, सेरीकडे पैसा आहे म्हणून तेवढे तरी मिळाले.

कातरवेळ : हे पटलं. पण मग त्या म्हाताऱ्या आयांवर कुणीतरी १६ भाग करा ना, मी पहिल्या दिवशी बघायला बसेन.