हजार-दोन हजार व्होल्टच्या पल्सने पेशी मरते, मग ऊती भाजत का नाही?

वैनगंगा:
माझ्या वडिलांना ॲट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांचा) त्रास आहे आणि त्यासाठी डॉक्टरांनी पल्स्ड फील्ड ॲब्लेशन हा उपचार सुचवला आहे. हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन जवळपास दोन हजार व्होल्टच्या अत्यंत अल्पकालीन पल्स देतात, त्याने तिथल्या ठरावीक पेशी मरतात आणि तरीही मागे टेकलेल्या अन्ननलिकेला सहसा धक्का पोहोचत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. घरातल्या २३० व्होल्टने माणूस दगावतो, हे आपण सगळेच जाणतो. मग या पल्समध्ये पेशी भाजत नसेल, तर ती नेमकी कशाने मरते? उपचाराचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घेणार आहोत. मला यामागचे विज्ञान समजून घ्यायचे आहे.

जीवभौतिकी:
व्होल्टचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. तो किती अंतरावर विभागला गेला आणि किती वेळ टिकला, यावर सगळे अवलंबून असते.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. ऊतीची विद्युतवाहकता मीटरला अर्धा सीमेन्स (वाहकतेचे एकक) धरली आणि सेंटीमीटरला १००० व्होल्टचे विद्युतक्षेत्र १०० मायक्रोसेकंद लावले, तर तापमान जेमतेम एक दशांश अंशाने वाढते. तेच क्षेत्र पूर्ण सेकंदभर राहिले, तर उष्णता दहा हजार पट होईल आणि ऊतीतले पाणी उकळून जाईल. म्हणूनच पल्स लहान ठेवतात आणि दोन पल्समध्ये अंतर राखतात.

पेशी मरते ती तिच्या पटलामुळे. हे पटल साधारण ५ नॅनोमीटर जाडीचे, मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते आणि त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यामुळे बाहेरून क्षेत्र लावले की एखाद्या मायक्रोसेकंदात पेशीच्या दोन टोकांवरील पटलावर विभवांतर, म्हणजे आतल्या-बाहेरच्या व्होल्टमधला फरक, साचते. गोल पेशीसाठी त्याचे कमाल मूल्य क्षेत्र गुणिले त्रिज्या, गुणिले दीड, इतके येते. हे विभवांतर सुमारे एक व्होल्टवर गेले की त्या पातळ थरात मीटरला वीस कोटी व्होल्टचे क्षेत्र तयार होते, पाणी आत शिरते आणि सूक्ष्म छिद्रे पडतात. यालाच इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीला त्यासाठी सेंटीमीटरला सुमारे ६७० व्होल्ट पुरतात, तर अर्ध्या मायक्रोमीटर त्रिज्येच्या जिवाणूला तेरा हजारांहून अधिक लागतात. जिवाणूंमध्ये डीएनए घालताना आम्ही एवढेच क्षेत्र वापरतो, आणि नमुन्यात क्षार जास्त राहिले तर कुव्हेटमध्ये (नमुन्याच्या छोट्या पात्रात) ठिणगी पडून सगळा नमुना वाया जातो.

क्षेत्र बेताचे असेल, तर छिद्रे काही सेकंदांत किंवा मिनिटांत बुजतात. १९८२ मध्ये एबरहार्ड नॉयमान यांच्या गटाने या अवधीचा उपयोग करून उंदराच्या पेशींमध्ये जनुके पोहोचवली. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत लुई मीर यांनी त्याच छिद्रांतून ब्लिओमायसिन हे औषध कर्कपेशींत शिरवण्याची पद्धत उभी केली. क्षेत्र त्याहून वाढवले, तर मात्र पेशीला सावरता येत नाही: कॅल्शियम आत येते, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी बाहेर जाते आणि काही तासांत किंवा दिवसांत ती मरते. उष्णतेने कोलॅजन (ऊतींना आधार देणारे प्रथिन) गोठते, तसे इथे होत नसल्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा सांगाडा बहुतांशी शाबूत राहतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल यातच आहे.

सह्यकडा:
मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. वरच्या खुलाशाला थोडी जोड देतो. हृदयस्नायूच्या पेशी तुलनेने कमी क्षेत्रात मरतात आणि मज्जातंतू बरेच अधिक सहन करतात, म्हणून योग्य मात्रेत अन्ननलिका व श्वासपटलाची नस वाचण्याची शक्यता उष्णतेच्या पद्धतींपेक्षा जास्त असते. परंतु ‘फक्त हृदयाच्याच पेशी मरतात’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. कॅथेटरजवळून वाहणाऱ्या तांबड्या पेशीही फुटतात, आणि पल्सची संख्या फार वाढली तर त्यातून सुटलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. हृदयाच्या धमनीजवळ पल्स दिल्यास ती आकुंचन पावू शकते. या पद्धतीची जुन्या पद्धतींशी तुलना करणाऱ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडव्हेंट चाचणीत वर्षभरानंतरचे यश उष्णतेच्या किंवा गोठवण्याच्या पद्धतींपेक्षा कमी नव्हते, पण ठळकपणे अधिकही नव्हते. तेव्हा वडिलांच्या मूत्रपिंडाची स्थिती डॉक्टरांना आवर्जून विचारा.

वैनगंगा:
दोघांचेही मनापासून आभार. मूत्रपिंडाचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. एक शंका उरते: वीजवाहिनीचा धक्का बसलेल्या माणसाच्या शरीरातही अशीच छिद्रे पडत असतील का?

तारवाट:
होय, पडतात. मी वीजवितरणाच्या क्षेत्रात सुरक्षिततेचे काम करतो, म्हणून हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद राफाएल ली यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिले की उच्च दाबाच्या अपघातात स्नायूंची हानी केवळ भाजण्यामुळे होत नाही. दोन हातांमध्ये दहा हजार व्होल्ट आले, तर सरासरी क्षेत्र सेंटीमीटरला जेमतेम सत्तर व्होल्ट भरते आणि वरच्या हिशेबाने ते अपुरे वाटते. पण स्नायूपेशी लांबलचक असतात आणि हातात त्या प्रवाहाच्याच दिशेने मांडलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या टोकांच्या पटलावर विभवांतर कितीतरी जास्त साचते. असा स्नायू आतून फुटला की त्यातले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते, लघवी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कातडीवर दोनच लहान चट्टे दिसत असतात आणि माणूस शुद्धीवर बोलत असतो, म्हणून सहकारी त्याला घरी पाठवतात. तसे कधीही करू नये. उच्च दाबाचा धक्का बसलेल्या प्रत्येकाला, त्याला बरे वाटत असले तरी, तातडीने रुग्णालयात नेऊन ईसीजी, लघवी आणि रक्तातील सीके (स्नायूंच्या हानीची खूण असलेले विकर) या तपासण्या करून घ्याव्यात, आणि हातापायाची सूज किंवा वाढती वेदना डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावी.