प्रति: उद्दिष्टं ठरवून काय होतं?
युनोची उद्दिष्टं म्हणजे नुसते कागदी घोडे, हे या चर्चेतलं म्हणणं मला पटत नाही. उद्दिष्टाने औषध येत नाही हे खरं, पण काय मोजायचं ते ठरतं. २०००च्या सहस्रक उद्दिष्टांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू दोन तृतीयांशाने घटवायचे होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांसाठी वेगळं लक्ष्यच नव्हतं. २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ते आलं: २०३०पर्यंत हजार जन्मांमागे जास्तीत जास्त १२ मृत्यू.

उपाय मात्र त्याआधीच गडचिरोलीत सापडला होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई तेच करतात. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी. बाळाला झोळीच्या काट्यावर तोलायचं, ताप बघायचा, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे आणि ६० किंवा जास्त भरले तर तडक दवाखाना गाठायला लावायचं. या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला केंद्राने ठरवले २५० रुपये! १२चा आकडा खरंच गाठायचा असेल, तर आधी तिचं मानधन वाढवा.