शब्दचर्चा : डेंग्यूच्या लेखात 'प्रतिकारशक्ती' कुठे चालेल, कुठे नाही?

प्रश्न
डेंग्यूच्या लशींवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'अँटिबॉडी-डिपेंडंट एनहान्समेंट'साठी 'प्रतिपिंड-अवलंबी संवर्धन' असं केलंय, पण ते वाचून वृक्षसंवर्धनच डोळ्यांपुढे येतं. आणि 'इम्युनिटी' दिसेल तिथे सरसकट 'प्रतिकारशक्ती' लिहिली तर चालेल ना?

उत्तर
संवर्धन नकोच, त्यात जपून वाढवण्याचा भाव आहे. पण तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'शक्ती' म्हटली की ती वाढली तर बरं, घटली तर वाईट, एवढंच मनात येतं. डेंग्यूत हा हिशेब बसत नाही. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून मात्र काही महिनेच. पुढे प्रतिपिंड, म्हणजे त्या लागणीत तयार झालेली विषाणूला पकडणारी प्रथिनं, रक्तात राहतात, पण वेगळ्या प्रकारच्या विषाणूला ते नुसते चिकटतात, त्याला निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेलं काहीही आत ओढून घेणं हे महाभक्षी पेशींचं नेहमीचं काम, आणि या विषाणूला वाढायला नेमक्या त्याच पेशी हव्या असतात. तुमचं 'एनहान्समेंट' ते हेच.

क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची आली, तेव्हा रक्तस्रावी डेंग्यूने हाहाकार केला. १९९७ साली सांतियागो दे क्यूबात दुसरा प्रकार पुन्हा उपटला, तेव्हाही गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे पूर्वी लागण होऊन गेलेले प्रौढ होते. पहिल्या लागणीला वीस वर्षं उलटून गेली होती! यांची 'प्रतिकारशक्ती' जास्त होती म्हणायची की कमी?

म्हणून अर्थ बघून 'संरक्षण' किंवा 'प्रतिकार-प्रतिसाद' असे दोन वेगळे शब्द ठेवा.

आणखी एक
'प्रतिपिंडांची फितुरी' कसं वाटतं? किल्ल्याचा दरवाजा आतूनच उघडला जातो.

त्यावर
मथळ्याला झकास, मजकुरात नको. फितुरीत हेतू असतो. इथे प्रतिपिंड रोजचंच काम करतात, पकड तेवढी अपुरी पडते. शिवाय प्रमाणाचा मुद्दा सुटतो. प्रतिपिंड भरपूर असतील तर विषाणू अडतो, अगदी नगण्य असतील तर वाढीव धोका नाही, धोका मधल्या पट्ट्यात. आईकडून आलेले प्रतिपिंड बाळाला सुरुवातीला वाचवतात. ते ओसरू लागले की सहा-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळाला पहिल्याच लागणीत गंभीर डेंग्यू होऊ शकतो. मी सरळ 'प्रतिपिंडांमुळे वाढणारा संसर्ग' लिहीन. लांब आहे, पण खुलासा करत बसावं लागत नाही.

प्रश्नकर्ती
पटलं. मग 'सीरोनिगेटिव्ह'? पूर्वी लागण झालेले ते 'पूर्वबाधित', तर न झालेले 'अबाधित'?

उत्तर
अहो, नको! 'हक्क अबाधित ठेवून' वाचलेल्या माणसाला ते सुरक्षित लोक वाटतील, आणि इथे गोष्ट नेमकी उलटी आहे. डेंगव्हॅक्सिया ही पहिली मान्यताप्राप्त लस, २०१५ सालची. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या सनोफी कंपनीनेच जाहीर केलं की पूर्वी लागण न झालेल्यांना ही लस दिली, तर पुढे लागण झाल्यावर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. अशांच्या शरीरात लसच जणू पहिली लागण ठरते. फिलिपिन्समध्ये तोवर आठ लाखांहून जास्त मुलांना ती टोचून झाली होती, कार्यक्रम थांबवावा लागला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आधी रक्ततपासणी करूनच ही लस देण्याचा मार्ग सुचवला.

'डेंग्यू न झालेले' हेही लिहू नका. बहुतेक लागणींत लक्षणंच दिसत नाहीत, त्यामुळे 'मला कधी डेंग्यू झाला नाही' या सांगण्यावर भिस्त ठेवता येत नाही. 'पूर्वी लागण न झालेले' लिहा, आणि तपासणीचा संदर्भ असेल तिथे 'रक्तात डेंग्यूचे प्रतिपिंड न आढळलेले'.

आणि हो, 'न्यूट्रलायझिंग'ला रसायनशास्त्रातलं 'उदासीन' लावू नका. उदासीन प्रतिपिंड म्हणजे कोपऱ्यात तोंड पाडून बसलेले वाटतात. 'विषाणूला निष्प्रभ करणारे' पुरे.