मदत हवी आहे: मॉड्यूल चिकटवलं की अख्खं यंत्र रीस्टार्ट

घरगुती_खटपट: हातात मावेल असा सुट्या भागांचा कॉम्प्युटर बनवतोय. कीबोर्ड, रेडिओ, जे हवं ते कडेला चुंबकाने चिकटवायचं. पण चालू असताना रेडिओ चिकटवला की स्क्रीन काळी आणि पुन्हा पहिल्यापासून बूट. कोडमध्ये काही नाही. लवकर सांगा, डोकं उठलंय.

तारतम्य: बोर्ड कुठला? वीज कुठून?

घरगुती_खटपट: बोर्ड नेहमीचाच. बॅटरीवर.

तारतम्य: 'नेहमीचाच' म्हणजे आम्ही ओळखायचं का?

घरगुती_खटपट: रास्पबेरी पाय ४. एक १८६५० सेल (लिथियमचा गोल, रीचार्ज होणारा), पुढे व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट देणारा बूस्ट कन्व्हर्टर.

सोल्डरसम्राट: चुंबक आणि पोगो पिना (स्प्रिंगवर दबून टेकणाऱ्या) सोडा, यूएसबी-सी घ्या. फ्रेमवर्क लॅपटॉपची एक्स्पान्शन कार्डं (कडेला सरकवून बदलायची पोर्टं) आतून यूएसबी-सीच आहेत. १०,००० वेळा काढ-घाल सोसतो तो कनेक्टर.

अर्धवट_अभियंता: त्याने रीस्टार्ट कसा थांबेल? रेडिओवर मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असणार. रिकामा कपॅसिटर जोडला की क्षणभर शॉर्टसर्किटच. ५ व्होल्टची लाइन बसते, रास्पबेरी पाय मान टाकतो. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो इशारा देतो, दिसला का?

जुनं_खोड: गूगलच्या मालकीच्या मोटोरोलाने २०१३ मध्ये प्रोजेक्ट आरा, म्हणजे सुटे भाग जोडायचा फोन, जाहीर केला, गूगलने २०१६ मध्ये गुंडाळला. त्यांना जमलं नाही ते तुम्हाला?

सोल्डरसम्राट: सुट्या भागांचा फेअरफोन चालूच आहे की! आराला चालू फोनमध्ये भाग बदलायचे होते, फेअरफोनला फक्त दुरुस्ती सोपी करायची होती.

लेखणीबहाद्दर: कीबोर्डवर मराठीसाठी इनस्क्रिप्टच ठेवा. फोनेटिकने हात बिघडतो.

घरगुती_खटपट: 'लो व्होल्टेज'ची सूचना? ती कीबोर्ड लावला तरी येते, मी बंद करून टाकतो. रेडिओवर ४७० मायक्रोफॅरडचा आहे, काढू का?

अर्धवट_अभियंता: अहो, हे आधी सांगायचं! काढू नका, प्रक्षेपणाच्या वेळी लागेल. मधे सॉफ्ट-स्टार्टवाला लोड स्विच, म्हणजे वीज हळूहळू सोडणारा स्विच, टाका, कपॅसिटर सावकाश भरेल. आणि ग्राउंडची पिन सगळ्यांत लांब ठेवा, म्हणजे ती आधी टेकेल.

तारतम्य: त्याआधी हिशोब करा. पाय ४ साठी ५ व्होल्टला ३ अँपिअर धरा, म्हणजे १५ वॅट. ३.५ व्होल्टवर आलेल्या सेलमधून ४ अँपिअरच्या वर ओढावे लागतात. तुमचा सेल किती अँपिअर देऊ शकतो?

घरगुती_खटपट: जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलाय. वर काही लिहिलेलं नाही.

तारतम्य: मग लोड स्विच नंतर. आधी तो सेल बाहेर काढा.