फ्रेझलेटर आणि एआय
फ्रेझलेटर म्हणजे अमेरिकी सैनिकांनी अफगाणिस्तानात वापरलेलं भाषांतराचं यंत्र. त्याला कुणी कुणी आजच्या एआय अनुवादकांचा बाप म्हणतात. तसं नाही हो. सैनिकाने इंग्रजीत ठरावीक वाक्य बोलायचं, यंत्राने ते ओळखून माणसाच्या आवाजात आधीच रेकॉर्ड केलेलं पश्तो किंवा दारी वाक्य वाजवायचं, बस्स! समोरच्याचं उत्तर त्याला कळायचंच नाही. म्हणून प्रश्नच असे, की मान हलवून किंवा बोट दाखवून भागेल: ‘कुठे दुखतंय?’

ते बनवणाऱ्या व्हॉक्सटेक कंपनीचे तेव्हाचे उपाध्यक्ष एस सारिच स्वतः निवृत्त नेव्ही सील, म्हणजे अमेरिकी नौदलाचे कमांडो. हुशार यंत्रापेक्षा भरवशाचं बरं, हे अशा माणसाला सांगावं लागत नसावं. मूळ कल्पना नौदलाचे डॉक्टर ली मोरिन यांची (हे पुढे अंतराळवीर झाले!). गंमत म्हणजे नंतर अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींनी हाच डबा स्वतःच्या भाषा टिकवायला वापरला.